आईची सुई, मुलाचं दुकान: नीना रिची यांचं प्रकरण

१९३२ साल. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून तीन वर्षं होत आली होती. अमेरिकेने १९३० मध्ये आयात कर वाढवले होते, आणि दर हंगामात बोटीने पॅरिसला येऊन कपडे निवडणारे अमेरिकन दुकानांचे खरेदीदार आता कमी येत होते, आले तरी हात आखडून घेत होते. पॅरिसची उंची कपड्यांची घरं, म्हणजे कपडे बेतून, शिवून विकणाऱ्या संस्था, याच खरेदीदारांवर जगत होती. कुणी भाव उतरवले, कुणी कारागीर कमी केले.

नेमक्या याच वर्षी एका एकोणपन्नास वर्षांच्या इटालियन शिवणकामवालीने, जिने तोवरची सगळी हयात दुसऱ्यांच्या नावाच्या दुकानांत काढली होती, रू दे कापुसीन या रस्त्यावर २० नंबरला स्वतःचं दुकान उघडलं. सोबत भागीदार एकच, तिचा सत्ताविशीतला मुलगा रॉबेर. त्याला शिवता येत नव्हतं. तो जाहिरातीच्या धंद्यातला.

दुकानाचं नाव नीना रिची. आज हे नाव अत्तराच्या बाटलीवर दिसतं आणि ते नुसतं छापील नाव वाटतं. त्यामागे खरंच एक बाई होती, तिच्या बोटांत टाचण्या असायच्या, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते एका प्रश्नामुळे. घरी ब्लाउज शिवून संसार चालवणाऱ्या बायकांशी बोलताना तो प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: "मुलाला यात आणू का? आणि आणला तर त्याला देऊ काय?" शेत देता येतं, दुकानाचा गाळा देता येतो. हातातली विद्या कशी द्यायची, तीही ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही अशा मुलाला? नीना रिचीने अडतीस वर्षांत या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

तुरीनची मुलगी

तिचं मूळ नाव मारिया आदेलाइद निएल्ली. जन्म १४ जानेवारी १८८३, इटलीतल्या तुरीन शहरात. नीना हे घरातलं लाडाचं नाव. तुरीन हे शिवणकाम करणाऱ्या पोरींचं शहर. तिथे त्यांना 'सार्तीने' म्हणत आणि शहराच्या ओळखीत त्यांचं स्वतःचं स्थान होतं. इटलीच्या एकीकरणानंतर १८६१ ते १८६५ तुरीन राजधानी होतं. राजदरबार पुढे फ्लॉरेन्सला आणि मग रोमला गेला, पण शिवणाऱ्या बायका आणि त्यांच्या हातातली सफाई तिथेच राहिली.

नीना लहान असतानाच कुटुंब फ्रान्सच्या दिशेने, समुद्रकाठच्या मोन्ते कार्लोकडे आलं. किशोरवयात तिने शिवणाच्या दुकानात उमेदवारी सुरू केली. हे गाव शिवणाऱ्या मुलीसाठी चांगली शाळा होतं. तिथला जुगाराचा कॅसिनो १८६३ पासूनचा, १८६८ मध्ये रेल्वे आली आणि थंडीच्या दिवसांत युरोपभरचे श्रीमंत तिथे मुक्कामाला येऊ लागले. त्यांच्या घरच्या बायकांना रोज संध्याकाळी नवा झगा लागायचा, तोही चार दिवसांत. हात भरभर चालायला शिकतो तो अशाच ठिकाणी.

पण त्या काळात फ्रान्समध्ये इटालियन असणं सोपं नव्हतं. १८९३ च्या ऑगस्टमध्ये एग-मोर्त गावच्या मिठागरांत स्थानिक जमावाने इटालियन मजुरांना ठेचून मारलं. पुढच्याच वर्षी ल्यों शहरात एका इटालियन तरुणाने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा खून केला आणि तिथल्या इटालियनांची दुकानं फोडली गेली. नीना तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. पुढे १९३१ च्या जनगणनेत फ्रान्समधल्या इटालियनांची संख्या आठ लाखांवर गेली, परदेशी लोकांत सर्वांत मोठी. बांधकाम, खाणी, शेती, घरकाम आणि शिवणकाम ही त्यांची कामं. या कुटुंबांत मुलीच्या हातात कला असणं म्हणजे घरात दुसरा पगार असणं. सुई कुठल्याही देशात चालते, तिला भाषा लागत नाही.

मग पॅरिस. १९०४ मध्ये लुइजी रिचीशी लग्न. तो फ्लॉरेन्सच्या जवाहिऱ्याच्या घरातला. १९०५ च्या जुलैमध्ये रॉबेरचा जन्म. परदेशात राहूनही लग्न आपल्या माणसाशीच झालं, आणि त्या माणसाचं आडनाव पुढे दारावरच्या पाटीवर लागलं.

दुसऱ्याच्या घरातली वीस वर्षं

नीना रिचीविषयी लिहिताना बहुतेक जण १९३२ वर उडी मारतात. माझ्या मते प्रकरणाचा गाभा त्याआधीच्या वीसेक वर्षांत आहे.

१९०८ मध्ये, मुलगा तीन वर्षांचा असताना, ती राफँ नावाच्या शिवणघरात लागली. तिथेच पुढे भागीदार झाली आणि जवळजवळ वीस वर्षं ते घर तिने सांभाळलं. राफँचं नाव आज कुणाला माहीत नाही. घर बरं चालत होतं, चार पैसे देत होतं, एवढंच.

पॅरिसच्या अशा घरातली उतरंड समजून घेतल्याशिवाय तिचं काम कळत नाही. सगळ्यांत खाली उमेदवार पोर. ती टाचण्या वेचते, खोकी पोचवते, चहा-कॉफी आणते. तिच्यावर 'छोटे हात', म्हणजे साध्या शिलाईच्या बायका. मग दुय्यम हात, मग पहिले हात. आणि प्रत्येक शिवणखोलीची प्रमुख ती 'प्रमिएर', म्हणजे पहिली. मऊ, झुळझुळीत कापडाची खोली वेगळी, कोट-जॅकेटची वेगळी. बाहेर दर्शनी दालनात विक्रेत्या. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं आणि त्या ते जिवापाड जपायच्या. एका झग्यासाठी गिऱ्हाईक तीनदा मापाला यायचं. दोन हंगामांच्या मधल्या काळाला ते 'मेलेला हंगाम' म्हणत. काम नसलं की हात घरी बसवले जात, पगार बंद.

१९१७ च्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना, याच बायका रस्त्यावर उतरल्या. एका घराने शनिवारी दुपारची सुट्टी दिली, पण तेवढा पगार कापला. मुली काम टाकून बाहेर पडल्या, आणि बघता बघता घरोघरच्या हजारो मुली संपावर गेल्या. जून १९१७ मध्ये कायदा झाला आणि शिवणकामातल्या बायकांना पगारासह शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली. नीना त्या काळात याच धंद्यात होती. सगळी उतरंड तिने खालून वर पाहिलेली होती.

तिची स्वतःची रीत मात्र वेगळी होती. ती कागदावर चित्र काढायची नाही. कापड उचलायचं, थेट माणसाच्या अंगावर टाकायचं, ते कुठे पडतं ते बघायचं आणि टाचण्या लावत जायचं. शिवणाऱ्या बायकांना हे सांगावं लागणार नाही: कापडाला उभा, आडवा आणि उरेब, म्हणजे तिरपा, असे तीन स्वभाव असतात, आणि उरेब कापलेलं कापड अंगावर जसं वळतं तसं कागदावर कधीच वळत नाही. बहुतेक घरांत आधी चित्र, मग मांजरपाटासारख्या साध्या कापडावर कच्चा नमुना, मग खरं कापड, असा क्रम असे. नीना खऱ्या कापडापासूनच सुरुवात करायची. छापील कापड असलं तर त्यावरचं फूल छातीवर येतं की शिवणीत कापलं जातं, हे तिला तिथल्या तिथे दिसायचं.

त्याच शहरात, त्याच वर्षांत आणखी एक इटालियन बाई गाजत होती, एल्सा स्कियापारेल्ली. रोमच्या खानदानी विद्वान घरातली. तिला शिवणकामाचं शिक्षण नव्हतं. तिच्याकडे कल्पना होत्या, चित्रकार मित्र होते, धाडस होतं. तिचे कपडे बघून लोक थबकायचे. नीनाच्या कपड्यांकडे लोक वळून बघायचे नाहीत. ते घालणारी बाई मात्र आपण आज बऱ्या दिसतोय हे जाणून घराबाहेर पडायची. इतिहासाच्या पुस्तकांत पहिलीला पानं मिळतात आणि दुसरीला ओळ. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण आठवड्याचे सातही दिवस अंगावर राहतात ते दुसऱ्या प्रकारचे कपडे.

कामाची वाटणी

विसाचं दशक सरता सरता राफँचं पर्व संपलं. नीनाकडे गाठीला पैसे होते, निवृत्त होण्याचा विचार होता. रॉबेरने तिला दुकान काढायला राजी केलं, अशी ही हकीकत नेहमी सांगितली जाते. ती खरी असेलही. पण त्यात मुलगा कर्ता ठरतो आणि आई त्याच्या मागे जाणारी. मला चित्र थोडं निराळं दिसतं. दुकानात आलेलं भांडवल तिच्या वीसेक वर्षांच्या कामाचं होतं. गिऱ्हाइकांची अंगकाठी ओळखणारे हात तिचे. कापडवाल्यांशी आणि शिवणखोल्यांशी असलेली ओळखही तिची. रॉबेरने आणली ती एक गोष्ट, पण मोक्याची: हे सगळं कुणाच्या तरी नावाने विकायला हवं, आणि ते नाव आईचं हवं, ही समज.

वाटणी पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. कापड आणि माणूस आईकडे, पैसा, भाव, जाहिरात मुलाकडे. दोघांनी एकमेकांच्या खोलीत ढवळाढवळ केली नाही. घरच्या धंद्यात हे किती दुर्मिळ असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक.

भावाचा निर्णय रॉबेरचा, आणि तो मंदीतल्या बाजाराला चपखल होता. दर्जा उंची घरांचा, किंमत त्यांच्यापेक्षा कमी. गिऱ्हाईक ठरवलं ते अंगाने प्रौढ, स्वभावाने सभ्य, पैसा असूनही हिशेबी. चित्रविचित्र हॅट त्यांना नको होती, नीट बसणारा झगा हवा होता. ज्या बाईने आधी वर्षाला चार झगे घेतले असते ती आता दोनच घेणार होती, आणि ते दोन पुढच्या वर्षीही घालता यावेत अशी तिची अपेक्षा होती. नीनाची रीत या अपेक्षेला नेमकी बसत होती.

सुरुवात एका खोलीत चाळीस कारागिरांनी झाली. १९३९ पर्यंत तीन इमारतींचे अकरा मजले आणि साडेचारशे कारागीर. मंदीच्या दशकात.

इथे माझ्यापुढचा प्रश्न अधिक टोकदार होतो. चाळीस माणसांपर्यंत एक बाई प्रत्येक झग्याला हात लावू शकते. साडेचारशे माणसांत ते शक्य नाही. मग तिचा हात अकरा मजल्यांवर पोचला कसा? उत्तर प्रमिएरांत आहे. नीना कापड अंगावर टाकून टाचायची तेव्हा खोलीची प्रमुख शेजारी उभी असायची. टाचलेलं कापड अंगावरून उतरवायच्या आधी शिवणीच्या जागा, चुण्यांच्या खुणा, दंडाची रेघ कच्च्या दोऱ्याने खुणावली जाते. मग टाचण्या काढून कापड टेबलावर सपाट पसरतात, आणि एका बाईच्या बोटांनी पाच मिनिटांत घेतलेला निर्णय कापाचा आराखडा होतो. तो मग कुणालाही बेतता येतो. विद्या हातातून हातात जाते ती अशी, शेजारी उभं राहून. मुलाला ती द्यायची गरजच नव्हती. ती प्रमिएरांना दिली गेली, आणि मुलाने त्या प्रमिएर सांभाळायच्या.

म्हणून या प्रकरणात 'कुटुंब' हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. नीनाने कुटुंबासाठी कष्ट केले यात शंका नाही. पण त्या कुटुंबाला उभं करणारे साडेचारशे जोड हात दुसऱ्या घरांतले होते, आणि त्यांच्याही घरी कुणी वाट बघत होतं. जून १९३६ मध्ये फ्रान्सभर संप झाले, शिवणघरांतल्या बायकाही त्यांत होत्या, आणि आठवड्याला चाळीस तास व वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. रिची घर वाढलं ते याच वर्षांत. त्याच्या वाढीची गोष्ट सांगताना या रजेचा उल्लेख राहून जातो, तो राहू नये.

बाहुल्या

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या. पॅरिसचा सगळा कपड्यांचा धंदा बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवायचा त्यांचा बेत होता. शिवणघरांच्या संघटनेचे प्रमुख लुसियाँ लेलों यांनी वाटाघाटी करून तो टाळला. त्यांचं म्हणणं असं की हे काम शेकडो लहानमोठ्या कारागिरांच्या जाळ्यावर उभं आहे: भरतकाम करणारे, बटणं करणारे, पिसं लावणारे, चपला शिवणारे. ते उपटून दुसरीकडे लावता येत नाही. नीना रिचीचं घर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झालं. कापड नव्हतं, कोळसा नव्हता, खायलाही धड नव्हतं. युद्धग्रस्तांसाठी मदत उभारायची होती आणि आपला धंदा जिवंत आहे हे जगाला दाखवायचं होतं. इथे रॉबेर पुढे आला. 'तेआत्र द ला मोद', म्हणजे कपड्यांचं नाट्यघर, या प्रदर्शनाची कल्पना त्याच्या नावावर आहे. पूर्ण मापाचे झगे शिवण्याइतकं कापड नाही ना? मग बाहुल्यांना शिवू. सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीच्या, तारेच्या सांगाड्याच्या दोनशेहून अधिक बाहुल्या. आकृती एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीची, तारकाम जाँ सँ-मार्तँ यांचं, डोकी जुआन रेबुल या कॅटलन शिल्पकाराची, देखावे क्रिस्तियाँ बेरार, जाँ कोक्तो अशा कलावंतांचे. पॅरिसची सगळी मोठी घरं त्यात उतरली, रिचीही.

१९४५ च्या मार्चअखेरीस लूव्रच्या मार्साँ दालनात प्रदर्शन उघडलं, आणि एक लाखाहून अधिक लोक ते बघून गेले. पुढे ते लंडनला, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला, मग सान फ्रान्सिस्कोला गेलं.

शिवता न येणाऱ्या मुलाने केलेलं हे सगळ्यांत मोठं काम होतं, असं मी मानते. आईच्या धंद्याचं मर्म कशात आहे हे त्याला पुरतं कळल्याशिवाय ही कल्पना सुचणं अवघड होतं. झगा केवढा आहे हे गौण, शिवण कशी आहे हे मुख्य.

बाटली

यानंतर घराचा तोल बदलला. १९४६ मध्ये रॉबेरने 'कर-जोआ' हे पहिलं अत्तर काढलं आणि १९४८ मध्ये 'लेर दु तां', फ्रान्सिस फाब्रों या अत्तरकाराने बनवलेलं. १९५१ मध्ये काचकलावंत मार्क लालीक यांनी त्याला दोन कबुतरांचं काचेचं बूच दिलं. युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या युरोपला ती शांततेची कबुतरं लगेच कळली. तीच बाटली आजही विकली जाते.

अत्तराला तीन मापं लागत नाहीत. प्रमिएर लागत नाही. उरेब लागत नाही. आईचा हात जिथे पोचणं शक्य नव्हतं तिथे, दूरदूरच्या दुकानांपर्यंतही, तिचं नाव पोचलं. झगे हे घराची प्रतिष्ठा झाले आणि अत्तर घराची मिळकत. हे एकट्या रिचीच्या घरात घडलं नाही, त्या काळातल्या बहुतेक पॅरिसच्या घरांचं असंच झालं. पण इथे ते मला जास्त लागतं. जी बाई कापडाला हात लावल्याशिवाय निर्णय घेत नव्हती, तिचं नाव शेवटी हाताला न लागणाऱ्या गोष्टीवर टिकलं.

नीनाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला तिच्या शिवणाइतकीच मोलाची वाटते. ती वेळेवर बाजूला झाली. १९५४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, झग्यांचं काम झ्यूल-फ्रान्स्वा क्राए या बेल्जियन माणसाकडे गेलं. घरातला नव्हे, रक्ताचा नव्हे, पण कामाचा. पुढे १९६४ पासून जेरार पिपार आला आणि तीसहून अधिक वर्षं राहिला. रॉबेरने आपण आता झगे काढू असा हट्ट धरला नाही. १९३२ ची वाटणी आई बाजूला झाल्यावरही मोडली नाही.

नीना १९७० च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. रॉबेर १९८८ मध्ये गेला. त्यानंतर कारभार रॉबेरच्या जावयाने, जिल फ्युक्स यांनी, पाहिला, आणि १९९८ मध्ये घर स्पेनच्या पुइग कंपनीला विकलं गेलं. नाव तेच राहिलं, घर मात्र घरच्यांचं उरलं नाही. आईने मुलाला काय दिलं, याचा धंद्यापुरता हिशेब इथे पुरा होतो. शिलाई प्रमिएरांकडे गेली, नाव मुलाकडे, आणि मुलानंतर दहा वर्षांनी नाव बाजारात.

बाहुल्यांचा हिशेब मात्र वेगळाच झाला. सान फ्रान्सिस्कोचं प्रदर्शन संपल्यावर त्यांना परत नेण्याची निकड कुणाला वाटली नाही. त्यांच्या अंगावरचे खरे दागिने तेवढे पॅरिसला परत गेले, देखावे नष्ट झाले, आणि बाहुल्या एका मोठ्या दुकानात पडून राहिल्या. १९५२ मध्ये त्या अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठच्या मेरीहिल संग्रहालयात पोचल्या. आजही तिथेच आहेत. त्यांच्या कपड्यांची बटणं खरोखर लागतात. आतली अस्तरं, बघणाऱ्याला कधीही न दिसणारी, पूर्ण मापाच्या झग्याला लावावीत तशीच हाताने तुरपलेली आहेत.